विधेयक आधी वाचायला द्या

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. दस्त लिहून झाला की तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. खरेदीखत असो, हक्कसोडपत्र असो, बक्षीसपत्र असो, शेवटची ओळ ठरलेली: ‘सदरचा दस्त आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, वाचून व समजून-उमजून लिहून दिला असे.’ नाशिकच्या कचेऱ्यांच्या आवारात तीस वर्षं मी हे वाक्य लिहितो आहे. पक्षकाराचा चष्मा घरी राहिला असेल तर थांबतो. म्हाताऱ्या आईला कमी ऐकू येत असेल तर तिच्या कानाशी जाऊन वाचतो. कारण एकदा सही झाली की कागद बदलत नाही. बदलायचा तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा हेलपाटे.

विधिमंडळात नवीन विधेयक आल्याची बातमी वाचली की मला हे वाक्य आठवतं. त्या कागदावर आपले आमदार आपल्या वतीनं सही करत असतात. पक्षकार किती, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटी. त्यातल्या किती जणांनी तो कागद मंजुरीच्या आधी पाहिलेला असतो?

२०२५ च्या नोव्हेंबरात एक ताई माझ्या टेबलाशी आल्या. यजमान सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर, त्या स्वतः चार घरचा स्वयंपाक करतात. पिशवीतून त्यांनी एक प्लास्टिकची फाईल काढली. आत नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, होतं, आणि ज्यावर अजून मूळ मालकाचंच नाव आहे असा सातबारा. शहराच्या हद्दीला लागून एक गुंठा जागा. २०२४ च्या दिवाळीत पाडव्याचा मुहूर्त धरून त्यांनी बयाणा दिला आणि पुढच्या आठवड्यात कागद केला. दागिने मोडून आणि भिशीचे पैसे घालून घेतलेला तो गुंठा. कागदाच्या घड्यांवर सेलोटेप लावलेला होता, इतक्या वेळा तो उघडून पाहिला गेला होता.

२०२५ च्या जुलैत मंत्र्यांनी विधानसभेत घोषणा केली होती की तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे पाडून जमीन विकायला असलेली बंदी, उठवणार, आणि १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे कायदेशीर करणार. ताईंनी ती बातमी टीव्हीवर ऐकली आणि त्या रात्री शेजारीपाजारी पेढे वाटले. नोव्हेंबरात अध्यादेश निघाला. त्यात तारखा आल्या १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४. पाडवा त्यानंतरचा. ऐकलेल्या तारखेत ताई बसत होत्या, छापलेल्या तारखेत बसत नव्हत्या. मध्ये अंतर अडीच महिन्यांचं.

मी ती ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे चुकून झालं असेल. कुणाला सांगायचं?” पुढच्याच महिन्यात नागपूरला अधिवेशन होतं, अध्यादेशाच्या जागी विधेयक तिथं यायचं होतं. म्हणजे मजकूर अजून बदलू शकत होता. पण ‘अमुक तारखेपर्यंत अमुक पत्त्यावर तुमची सूचना द्या’ असं सांगावं, तर माझ्याकडे पत्ताच नव्हता. आमदारसाहेबांच्या कार्यालयात जा, एवढंच मी सांगू शकलो. ८ ते १४ डिसेंबर, सात दिवसांचं अधिवेशन झालं आणि विधेयक मंजूर झालं.

गैरसमज नको म्हणून सांगतो, तुकडेबंदी सैल करण्याच्या मी बाजूचा आहे. १९४७ चा हा कायदा शेतीचे तुकडे पडून ती परवडेनाशी होऊ नये म्हणून झाला, आणि त्या काळी तो योग्यच होता. पण शहरं वाढली. नाशिकभोवतीच्या मळ्यांत वस्त्या उभ्या राहिल्या. बागायतीचं किमान प्रमाणभूत क्षेत्र दहा गुंठे आणि जिरायतीचं वीस, असं असताना ज्याची ऐपत एकाच गुंठ्याची, त्यानं काय करायचं? त्यानं नोटरी केली. माझ्यासारख्यांनी ते कागद लिहून दिले, आणि घेणाऱ्याला दर वेळी सांगितलं की यानं मालकी येत नाही. २०२१ च्या जुलैत नोंदणी खात्यानं परिपत्रक काढून अशा दस्तांची नोंदणी थांबवली, २०२२ च्या मेमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं. त्याआधी २०१७ च्या दुरुस्तीनं बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के भरून तुकडा नियमित करण्याची वाट काढली होती. कष्टकरी माणसाला ती परवडणारी नव्हती. २०२४ मध्ये पंचवीसचे पाच टक्के झाले, २०२५ मध्ये तेही माफ झाले. आठ वर्षांत तीन दुरुस्त्या. ज्यानं २०१८ मध्ये कर्ज काढून पंचवीस टक्के भरले, त्यानं कायद्याचं ऐकण्यात चूक केली का? पहिल्याच वेळी वस्तीवस्तीतल्या लोकांना मसुदा दाखवला असता, तर हे पंचवीस टक्के कुणी भरणार नाही, हे कोणत्याही गुंठेवारीतल्या बाईनं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आणि मसुदा दाखवायचा म्हणजे लोकांना कळेल असा दाखवायचा. दुरुस्ती विधेयक ज्यांनी कधी हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी त्याची भाषा सांगतो. ‘मूळ अधिनियमाच्या कलम अमुकच्या पोटकलम तमुकमधील पहिल्या परंतुकात, “च्या पंचवीस टक्के” या मजकुराऐवजी, “च्या पाच टक्के” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ संपलं. पंचवीस टक्के कशाचे, कुणी भरायचे, न भरल्यास काय, हे समजायला मूळ अधिनियम शेजारी उघडा हवा, तोही आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांसह. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. कायद्याला नेमकी भाषा लागते, ती मीही रोज वापरतो. चतुःसीमा लिहिताना एक दिशा चुकली तर दोन भावांत डोकी फुटतात. पण दुरुस्ती विधेयकासोबत दोन रकान्यांचा एक तक्ता का देऊ नये? डावीकडे ‘आज काय आहे’, उजवीकडे ‘उद्या काय होईल’. ज्या अधिकाऱ्यानं दुरुस्ती लिहिली त्याच्या टेबलावर हा तक्ता असतोच, त्याशिवाय दुरुस्ती लिहिताच येत नाही. तो फक्त छापायचा.

विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. बातम्या बहुतेक त्यावरूनच होतात. निवेदन नेहमी चांगलंच असतं, कारण वाईट हेतू सांगून कुणी विधेयक आणत नाही. खरा कायदा असतो कलमांत, आणि बराचसा असतो ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ या शब्दांत. हे ‘विहित’ म्हणजे पुढे सरकार नियम करील त्याप्रमाणे. सभागृहानं सांगाडा मंजूर करायचा आणि मांस मंत्रालयात भरायचं. कुणाला अर्ज करायचा, किती दिवसांत, किती शुल्क, कोणते कागद, म्हणजे सामान्य माणसाचं ज्याच्याशी काम पडतं ते सगळं नियमांत. गंमत अशी की अनेक अधिनियमांत या नियमांना ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असते, मसुदा आधी प्रसिद्ध करायचा आणि हरकती मागवायच्या. मूळ विधेयकाला मात्र अशी अट कुठेच नाही.

‘हरकती व सूचना’ हे शब्द मराठी माणसाला नवीन नाहीत. शहराचा विकास आराखडा आला की हरकती-सूचना. प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा आला की हरकती-सूचना. रस्त्यातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस द्यावी लागते, ती झाडावर चिकटवावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. नाशिकच्या तपोवनातल्या झाडांचा प्रश्न २०२५ च्या अखेरीस पेटला तो याच नोटिशीमुळे. कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी सुमारे अठराशे झाडं जाणार हे लोकांना आधी कळलं, म्हणून लोक हरकती घेऊन गेले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, राष्ट्रीय हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं. नोटीस नसती तर करवतीच्या आवाजानंच कळलं असतं. आणि आमच्या रोजच्या कामातलं सांगायचं तर एका गुंठ्याच्या खरेदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोंद, मंजूर करायला तलाठी भाऊसाहेबांना पंधरा दिवसांची नोटीस काढावी लागते, संबंधितांना हरकतीची संधी द्यावी लागते. एका गुंठ्याला पंधरा दिवस. महाराष्ट्रातल्या सगळ्या गुंठ्यांचं नशीब ठरवणारं विधेयक मात्र मांडल्यापासून मंजूर होईपर्यंत दोन-चार दिवसांत मार्गी लागू शकतं, आणि त्यात बेकायदेशीर असं काहीच नसतं.

अध्यादेशांची सवय हा याच दुखण्याचा दुसरा भाग. घटनेच्या २१३ व्या अनुच्छेदानं राज्यपालांना अध्यादेशाचा अधिकार दिला तो अधिवेशन चालू नसताना तातडी आली तर वापरण्यासाठी. अधिवेशन भरलं की सहा आठवड्यांत त्याचं आयुष्य संपतं, म्हणून मग विधेयक येतं. पण तोवर कायदा लागू झालेला असतो, माणसं त्याप्रमाणे वागलेली असतात, आणि सभागृहासमोर ‘झालं ते मान्य करा’ एवढंच उरतं. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभर आणि दोनशे रुपयांच्या मुद्रांकाचे दस्त पाचशेवर गेले ते अध्यादेशानं. ऐन निवडणुकीच्या तोंडावर. सकाळी माझ्यासमोर शंभराचा स्टॅम्प घेऊन आलेल्या माणसाला मला परत पाठवावं लागलं. शासनाला महसूल लागतो हे मला समजतं. पण पाचशेच्या स्टॅम्पची अशी कोणती तातडी होती की अधिवेशनाची वाट पाहवेना?

शेतकऱ्यांचं तर विचारूच नका. २०१६ च्या जुलैत अध्यादेशानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. हेतू शंभर टक्के शेतकऱ्याच्या हिताचा. अडत म्हणजे शेतकऱ्याच्या घामावर वर्षानुवर्षं बसलेली कात्री होती, ती गेली हे चांगलंच झालं. पण जुलै महिना म्हणजे निफाड, येवला, चांदवडच्या चाळींत उन्हाळ कांदा भरलेला. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. लासलगावला आठवडेच्या आठवडे शुकशुकाट. मग प्रश्न निघाला की कांदा ट्रॅक्टरमध्ये खुला आणायचा की गोणीत. गोणी कुणाची, भरायची मजुरी कुणाची, वजनात कटती किती? नाशिक जिल्ह्यातला कांदा खुल्या ट्रॅक्टरनं लिलावाला येतो, मुंबईच्या बाजारातला गोणीत जातो, हे मुंबईत बसून मसुदा लिहिणाऱ्याला कोण सांगणार? लासलगावच्या आवारात मसुदा घेऊन कुणी एक दुपार बसलं असतं, तर शेतकरी, व्यापारी, हमाल, मापाडी या चौघांनी मिळून आधीच सांगितलं असतं की ही गाठ इथं अडणार आहे. लिलाव बंद होते त्या आठवड्यांत चाळीतला कांदा सडत होता. दुर्गंधी सुटलेल्या चाळीतून निवडून कांदा बाजूला काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाट्या भरभरून उकिरड्यावर जात होत्या. कायदा चांगला असूनही.

दोनच वर्षांनी, २०१८ च्या नोव्हेंबरात, बाजार समिती कायद्यातलीच आणखी एक दुरुस्ती विधानसभेनं मंजूर केली आणि माथाडी कामगार, व्यापारी रस्त्यावर उतरल्यावर विधान परिषदेत ती मागे घ्यावी लागली. एका सभागृहाची मंजुरी मिळालेलं विधेयक मागे घेण्याची नामुष्की यायचं कारण एकच, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना ते सर्वांत शेवटी कळलं.

काही कायद्यांत तर लोकांचा संबंधच नसतो, सत्ता बदलली की कायदा बदलतो. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये नव्या सरकारनं ते फिरवलं. तेव्हा राज्यपालांनी अध्यादेशाला नकार देऊन अधिवेशनात विधेयक आणा म्हटलं आणि ते आणलंही गेलं. २०२२ मध्ये सरकार बदललं, पुन्हा थेट सरपंच. महापालिकेच्या प्रभागांचं तसंच. चार सदस्यांचा प्रभाग, मग एक सदस्याचा, मग तीन, पुन्हा चार. नाशिकची सदस्यसंख्या १२२ वरून १३३ केली, परत १२२ केली. या प्रत्येक वेळी ‘उद्देश व कारणे’ छापून आलेली आहेत, आणि प्रत्येक वेळी ती लोकहिताचीच आहेत. गावच्या ग्रामसभेला एकदा तरी विचारलं का, की बायांनो-बाप्यांनो, तुम्हाला सरपंच कसा निवडायला आवडेल? ज्या पक्षाला जी पद्धत सोयीची ती त्यानं आणली, यात सगळे पक्ष आले, मी कुणालाही वगळत नाही.

नाशिककर म्हणून मला सर्वांत जास्त लागलं ते कुंभमेळा प्राधिकरणाच्या विधेयकाचं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा झाला. प्रयागराजला २०१७ पासून असा कायदा आहे, आपल्याकडेही हवाच होता. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौक भागात झालेली चेंगराचेंगरी या शहरानं पाहिली आहे. त्या अरुंद उतारावरून आजही मी रामकुंडाकडे जातो तेव्हा माझे पाय आपोआप सावकाश पडतात. रस्ते, पोलीस, पाणी, रेल्वे, दोन नगरं आणि डझनभर खाती यांच्यावर एका हाताचा लगाम हवा, याबद्दल दुमत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, वेळ थोडा होता, हेही खरं.

पण तेव्हाची शहराची अवस्था पाहा. महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपलेली. नगरसेवक नाहीत, महापौर नाही, प्रशासकाचा कारभार. जिल्हा परिषदेतही प्रशासक. म्हणजे ज्या शहरासाठी कायदा होतो आहे, त्या शहराच्या वतीनं बोलायला शहरानं निवडून दिलेली एकही संस्था जागेवर नव्हती. प्राधिकरणाचं अध्यक्षपद विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे पुन्हा अधिकारीच. पंचवटीतले पुरोहित, सराफ बाजारातले दुकानदार, गोदाकाठी टपरी लावणारे, तपोवनाच्या शेजारचे मळेवाले, नदीच्या प्रदूषणावर वर्षानुवर्षं कोर्टात झगडणारे कार्यकर्ते, यांना त्या विधेयकाचा मसुदा दाखवायला मंडप-खुर्च्यांचा खर्च आला असता. कालिदास कलामंदिरात दोन दिवसांची जाहीर सुनावणी झाली असती. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावात उभं आहे, तिथल्या टेबलावर दहा प्रती ठेवल्या असत्या तर लोकांनी त्या वाचून काढल्या असत्या. त्यातल्याच कुणी तरी विचारलं असतं की साधुग्रामच्या जागेवरची झाडं कोण मोजणार आणि कोण ठरवणार. चार महिन्यांनी जो प्रश्न रस्त्यावर आला, तो कलमांच्या चर्चेत आला असता.

यावर मला जी उत्तरं मिळतात ती मी नेहमी शांतपणे ऐकतो, कारण ती अगदी पोकळ नाहीत.

पहिलं उत्तर: आमदार निवडून दिलेत ना, मग तेच तुमच्या वतीनं वाचतील. जरूर. आमच्या जिल्ह्याचे पंधरा आमदार आहेत. पण विधेयकाची प्रत त्यांच्याही हाती ऐनवेळीच येते, ही तक्रार विरोधी बाकांवरून दर अधिवेशनात होते. आणि बाक बदलले की तक्रार करणारे बदलतात, तक्रार तीच राहते. २०२१ चं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं होतं. दोन दिवसांत कुणी काय खंडशः, कलमवार विचार करायचा? शेतकऱ्याला, कामगाराला, वकिलाला विचारून यायला आमदारालाही सवड हवी. लोकांसाठी मागितलेले दिवस त्याच्याही कामाचे आहेत.

दुसरं उत्तर: लोकांना विचारत बसलं तर कायदा कधीच होणार नाही. इथं महिला-बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा ठरवणाऱ्या शक्ती विधेयकाचं उदाहरण देतात. २०२० च्या डिसेंबरात ते आलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, वर्षभरानं मंजूर झालं, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी शेवटी कायदा झालाच नाही. पण ते अडलं दिल्लीत, समितीत नव्हे. आणि उलट बाजूचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जनसुरक्षा विधेयक २०२४ च्या जुलैत आलं, त्या विधानसभेबरोबर बारगळलं, डिसेंबरात पुन्हा आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या, बारा हजारांहून जास्त आल्या. २०२५ च्या जुलैत ते मंजूर झालं तेव्हा मजकूर बदललेला होता. ‘व्यक्ती आणि संघटना’ असं जे ढोबळ होतं, त्याला समितीनं ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना’ अशी चौकट घातली. त्या कायद्याबद्दल माझ्या मनात आजही शंका आहेत, ‘तशा प्रकारच्या’ या दोन शब्दांत किती जण मावतील याची काळजी आहे. तरी एक गोष्ट मी मान्य करतो, की त्याच्यावर गावोगाव बोललं गेलं. मोर्चे निघाले, पत्रकं वाटली गेली, कलमं वाचली गेली. समितीकडे न जाता ते पहिल्याच अधिवेशनात मंजूर झालं असतं तर आपल्याला त्याचा मजकूर पहिल्या अटकेच्या दिवशी कळला असता.

२०२१ च्या जुलैत केंद्राच्या तीन शेती कायद्यांना उत्तर म्हणून राज्यानं तीन विधेयकं मांडली, आणि ती लगेच मंजूर न करता दोन महिने लोकांसमोर ठेवली. कृषी आणि अन्न-नागरी पुरवठा ही त्यांतली दोन खाती तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांकडे होती, मालेगावचे दादा भुसे आणि येवल्याचे छगन भुजबळ. पुढे केंद्रानंच आपले कायदे मागे घेतले आणि ही विधेयकंही मागे घेतली गेली. पण करायचं ठरवलं तर विधेयक दोन महिने लोकांपुढे ठेवता येतं, आभाळ कोसळत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं.

तिसरं उत्तर सर्वांत खरं आहे: सूचना मागवल्या तर ज्यांची संघटना मोठी, ज्यांचे वकील महाग, त्यांच्याच सूचना येतील, कांदा निवडणारी बाई सूचना लिहिणार नाही. होय, हा धोका आहे. म्हणूनच संकेतस्थळावर मसुदा टाकला की काम संपलं असं होता कामा नये. तो तहसील कचेरीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, तोंडी सांगितलेली सूचना तिथल्या माणसानं लिहून घ्या, पोच द्या. अंगठा लावून दिलेली सूचनाही सूचनाच. आमच्या धंद्यात अंगठ्याला सहीएवढीच किंमत आहे.

आणि लोकांमधून आलेला कायदा कसा असतो हे नाशिकनंच राज्याला दाखवलं आहे. २०१३ मध्ये या शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीचा खून झाला, आणि त्यातून जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम इथूनच उभी राहिली. वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे येऊन बोलू लागली. दंड, बहिष्कार, सुनेची परीक्षा, लग्नाला न बोलावणं, मयताला खांदा न देणं, यातला एकेक प्रकार लोकांच्या तोंडून नोंदला गेला. २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमतानं मंजूर केला, २०१७ पासून तो लागू आहे. त्याची कलमं वाचून पाहा. बहिष्कार म्हणजे काय याची यादी इतकी नेमकी आहे की मसुदा लिहिणाऱ्यानं भोगलेल्या माणसांचं ऐकलं आहे हे ओळीओळीत जाणवतं. मी कामानिमित्त पुष्कळ कायदे वाचतो. इतक्या जमिनीवरचे फार थोडे असतात.

माझी मागणी फार मोठी नाही. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये स्वतःपुरतं धोरण ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ते नेहमी पाळलं जात नाही, पण कागदावर आहे. केरळच्या विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, विधेयक त्यांच्याकडे जातं, तिथं कलमनिहाय घासलं जातं. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, देशानं तो नंतर उचलला. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाच्या आधी आपल्याकडे होता. मग लोकांना आधी विधेयक दाखवण्याचा नियम आपण विधिमंडळाच्या नियमावलीत किंवा स्वतंत्र कायद्यात का घालू नये? तीस दिवस, सोप्या मराठी टिपणासह, दोन रकान्यांच्या तक्त्यासह. एखाद्या जिल्ह्यापुरतं विधेयक असेल तर त्या जिल्ह्यात सुनावणी. खरी तातडी असेल तर सरकारनं ती लेखी सांगावी आणि मुदत कमी करावी, महापुरात तीस दिवस थांबा असं कुणी म्हणणार नाही. आलेल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या आणि कोणत्या का नाकारल्या, हे विधेयकासोबत सभागृहात ठेवावं. आणि ‘विहित करण्यात येईल’ असं जिथं जिथं लिहिलं, त्या नियमांचा मसुदाही त्याच वेळी द्यावा, सांगाडा आज आणि मांस दोन वर्षांनी, असं नको.

नाशिकच्या पंधरा आमदारांतल्या एकानं तरी हे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्यानं नव्हे तर साध्या आमदारानं आणलेलं विधेयक, म्हणून शुक्रवारी मांडावं. अशासकीय विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मांडलेलं विधेयक छापलं जातं आणि सभागृहाच्या कामकाजात त्याची नोंद राहते. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, फी घेणार नाही.

ताई मागच्या आठवड्यात पुन्हा आल्या होत्या. साठेखताची झेरॉक्स काढून त्यांनी एक अर्ज मला लिहायला सांगितला, तारीख अडीच महिने पुढे न्यावी म्हणून. कुणाच्या नावे लिहू, असं मी विचारलं. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “ज्यांनी तारीख घातली त्यांच्या नावे लिहा.” मी लिहिला. त्यांना वाचून दाखवला. ‘प्रति’च्या पुढची जागा मोकळी ठेवून त्यांची सही घेतली.